यादीत नाव आहे, पण नंबर कितवा?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी एका अधिकृत विक्रेत्याकडे मी रोलेक्सच्या डेटोना या घड्याळासाठी नाव नोंदवलं. स्टीलचं, पांढऱ्या डायलचं. 'बघू, लागेल नंबर,' एवढंच तेव्हा सांगितलं गेलं. वर्षभराने विचारायला गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, 'आमच्याकडे तुमची आधीची खरेदी काहीच दिसत नाही. थोडी असली तर बरं पडतं.' म्हणून मी त्यांच्याकडूनच एक दुसरं घड्याळ घेतलं. ते मला फारसं आवडलं नव्हतं, कपाटात पडून आहे. मग पत्नीसाठी कानातले घेतले. तिने ते मागितले नव्हते. आता पुन्हा सुचवताहेत, की दागिन्यांत आणखी काही पाहा. सव्वा वर्षाने मी छत्तीस वर्षांच्या नोकरीतून निवृत्त होतोय. त्या दिवशी ते घड्याळ मनगटावर असावं, एवढीच इच्छा आहे. सेकंडहँड बाजारात ते आजही मिळतं, पण छापील किमतीच्या बरंच वर. पत्नी विचारते, 'तुम्हाला घड्याळ हवंय, की त्या दुकानाचा होकार हवाय?' मला उत्तर देता आलं नाही. थांबू, जास्त पैसे मोजू, की नाद सोडू?
– प्रतीक्षेतला एक

उत्तर :

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कानातल्यांपाशी अडखळलो. 'तिने ते मागितले नव्हते.' छत्तीस वर्षं राबलेल्या माणसाने स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी एक वस्तू घ्यायची ठरवली, आणि ती मिळावी म्हणून तो कुणालाच नको असलेल्या वस्तू घरी आणतोय, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी 'यादी' या शब्दाचं बघू. आपल्या डोक्यात यादी म्हटलं की रांग येते. पुढे चाळीस माणसं, मागे साठ, पुढचा एक सरकला की आपण एक पाऊल पुढे. तुमचं नाव ज्या वहीत किंवा ज्या संगणकात आहे, तिथे असं काही होत नाही. कंपनी प्रत्येक विक्रेत्याला ठरावीक माल पाठवते. पुढच्या खेपेत कोणतं मॉडेल येणार, हे बहुतेक वेळा विक्रेत्यालाही खोका उघडेपर्यंत ठाऊक नसतं. मग एखादं डेटोना निघालं, की ते कुणाला द्यायचं हे दुकान ठरवतं. कोण जुना ग्राहक, कुणाची खरेदी मोठी, कोण घेऊन दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकणार नाही, आणि कोण पुन्हा येईल, असा तो हिशेब असतो. तुम्ही तीन वर्षांपूर्वी नाव दिलंत आणि कुणी तीन महिन्यांपूर्वी, याला त्यात फारशी किंमत नसते. म्हणजे ही निवड आहे. आणि निवडीचे निकष तुम्हाला कुणी सांगितलेले नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे.

विक्रेत्याची बाजूही सांगायला हवी. एका घड्याळासाठी शंभर माणसं विचारतात. त्यातले काही फक्त बाजारात फिरवून नफा काढायला आलेले असतात. नकार द्यायचा म्हटलं तर ग्राहक दुखावतो, होकार द्यायचा तर हातात माल नाही. त्यामुळे काउंटरवरचा माणूस 'बघू' म्हणतो. त्या 'बघू'त दुष्टावा नसतो. पण तुमच्या बाबतीत प्रकरण 'बघू'च्या पुढे गेलंय. 'आणखी काही पाहा' असं तिसऱ्यांदा सुचवणं आणि बदल्यात कसलाही शब्द न देणं, याला कोपराला गूळ लावणं म्हणतात.

आता टंचाईबद्दल. हा माल मुद्दाम दाबून ठेवतात का? ही शंका तुमच्या पत्रात नाही, पण तुमच्या जागी असलेल्या प्रत्येकाच्या मनात ती असतेच. २०२१मध्ये रोलेक्सने जाहीरपणे म्हटलं होतं, की टंचाई हे आमचं धोरण नाही. दर्जा न घटवता आजची मागणी पुरी करणं आमच्या आजच्या क्षमतेत बसत नाही. मला हे बरंचसं खरं वाटतं, पण पूर्ण नाही. रोलेक्स वर्षाला किती घड्याळं बनवते, हे ती सांगत नाही. जाणकारांचा अंदाज दहा लाखांच्या वरचा आहे. पाटेक फिलिप आणि ओडमार पिगे या स्विस घड्याळ कंपन्यांचं उत्पादन त्याच्या तुलनेत अगदी थोडं, प्रत्येकी लाखाच्याही आत. म्हणजे रोलेक्स दुर्मीळ नाही, तिला मागणी अफाट आहे. त्यातही डेटोना हे क्रोनोग्राफ. क्रोनोग्राफ म्हणजे बटण दाबून वेळ मोजायची सोय. त्यासाठी नेहमीच्या यंत्रावर आणखी एक यंत्र रचावं लागतं, आणि ते जुळवणारे कारागीर वर्षभरात तयार होत नाहीत.

मग कारखाने का वाढवत नाहीत? वाढवताहेत, पण सावकाश. याची मुळं जुन्या जखमेत आहेत. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायकोने अॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झचं, म्हणजे बॅटरीवर चालणारं, मनगटी घड्याळ बाजारात आणलं, आणि पुढच्या पंधराएक वर्षांत चावीच्या नि स्वयंचलित, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी मिळणाऱ्या, घड्याळांचा स्विस धंदा कोसळला. साधारण नव्वद हजार माणसं त्या उद्योगात होती, ती निम्म्याच्याही खाली आली. ज्या धंद्याने हे पाहिलंय तो दहा वर्षांच्या मागणीवर विसंबून घाईने यंत्रं मांडत नाही. शिवाय रोलेक्सची मालकी हान्स विल्सडॉर्फ या संस्थापकाच्या नावाच्या न्यासाकडे आहे. दर तिमाहीला वाढ दाखवा म्हणून मागे लागणारे भागधारक तिथे नाहीत. वाट पाहणारे लोक दारात उभे असले, की कंपनीचं काही बिघडत नाही, उलट शोभाच वाढते. माल कुणी तिजोरीत कोंडून ठेवला नसेल, पण ही टंचाई संपवण्याची कुणाला घाईही नाही, असं माझं मत.

स्वित्झर्लंडमधल्या ब्यूल या गावी रोलेक्सचा नवा मोठा कारखाना उभा राहतोय. तो पुरा व्हायचं लक्ष्य २०२९चं आहे. तुमची निवृत्ती सव्वा वर्षावर आहे. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. कंपनीकडून येणारी सुटका तुमच्या समारंभाला पोहोचणार नाही.

वाट पाहण्यातच काही कमीपणा आहे, असं मात्र मला म्हणायचं नाही. घड्याळाच्या जगात वाट पाहणं फार जुनं आहे, आणि ते किती सन्मानाने होऊ शकतं याचंही उदाहरण आहे. पॅरिसचा अब्राहम-लुई ब्रेगे हा घड्याळजी फ्रेंच राज्यक्रांतीत देशाबाहेर पडला होता. परतल्यावर धंदा पुन्हा उभा करायचा होता, आणि हाताशी भांडवल नव्हतं. १७९०च्या दशकाच्या अखेरीस त्याने एक साधं, मोठ्या पांढऱ्या डायलचं, एकाच काट्याचं खिशातलं घड्याळ आखलं. गिऱ्हाइकाने मागणी नोंदवताना किमतीचा चौथा हिस्सा द्यायचा, बाकीचे घड्याळ हाती आल्यावर. त्या पैशातून काम चालायचं. या घड्याळाचं नावच 'सुस्क्रिप्सियों' पडलं, म्हणजे वर्गणीचं घड्याळ. गिऱ्हाईक थांबायचं, पण कशासाठी थांबतोय, किती दिलेत, किती द्यायचेत, हे त्याला ठाऊक असायचं. घड्याळजीचा त्याच्यावर विश्वास आणि त्याचा घड्याळजीवर. सोबत बांगड्या घ्या असं कुणी म्हणत नव्हतं.

त्याच ब्रेगेकडे १७८३मध्ये फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीसाठी एका घड्याळाची मागणी आली होती. त्या काळी ठाऊक असलेली सगळी गुंतागुंत त्यात हवी होती, खर्चाची मर्यादा नाही, वेळेची मर्यादा नाही. राणीचा शिरच्छेद १७९३मध्ये झाला. ब्रेगे स्वतः १८२३मध्ये गेला. घड्याळ पुरं झालं १८२७मध्ये. ज्या मागणीला तारीख नसते ती अशीही पुरी होते. तुमच्या नोंदणीला तारीख नाही म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

आता पैशांकडे येऊ, कारण मला वाटतं तुमच्या गोंधळाची गाठ तिथे आहे. सेकंडहँड घेतलं तर 'वरचे पैसे' जातील, म्हणून तुम्ही थांबलात. पण तुम्ही वरचे पैसे देताच आहात. डेटोनाची छापील किंमत १०० धरा. समजा कपाटातलं घड्याळ तुम्ही ६०ला घेतलंत आणि आज ते विकलं तर ४० येतील. समजा कानातले ३०चे, मोडीत १५ येतील. म्हणजे ३५ गेले. उद्या दुकानाने डेटोना दिलं तरी ते तुम्हाला १३५ला पडणार. कानातल्यांसारखीच तिसरी खरेदी केलीत तर १५०ला. आणि ते अजून हातात नाही. आकडे माझे आहेत, खरे तुम्ही भरा. कागदावर मांडा आणि त्याशेजारी सेकंडहँडचा आजचा भाव लिहा. कदाचित दोन्हींतलं अंतर तुम्हाला वाटतं तेवढं राहिलेलं नसेल.

हे मांडताना एक जपा. गेलेले ३५ 'वसूल' करण्यासाठी आणखी थांबू नका. ते पैसे डेटोना मिळालं तरी परत येणार नाहीत. 'एवढं केलंय तर आता सोडायचं कसं' हा विचार माणसाला आणखी कानातले घ्यायला लावतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मीही पाणबुड्यांसाठी बनवलेल्या एका घड्याळासाठी असाच थांबलो होतो. कोणत्या दुकानात ते सांगत नाही. चार वर्षं. मध्ये एक जाड सोन्याची साखळी घेतली, जी माझ्या घरात कुणीही घालत नाही. मग एका दुपारी फोन आला. घड्याळ आलंय, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. गेलो तर डायलचा रंग मी सांगितलेला नव्हता. काळं मागितलं होतं, पुढ्यात निळं होतं. चार वर्षं ज्यांच्या दारात जात होतो त्यांना 'नको' कसं म्हणायचं, या भिडेपोटी घेतलं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते त्या दिवशी मला कळलं. घरी आलो, मनगटावर चढवलं, आणि आठ महिन्यांत विकलं. पुढे ज्याची मनापासून ओढ होती ते काळं एका जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याकडून घेतलं. त्याच्या पट्ट्याच्या कडीवर कुणाच्या तरी टेबलाचा ओरखडा आहे. तो मी पॉलिश करून घेतलेला नाही. आज तेच माझ्या हातात असतं.

तुमच्या पत्नीच्या प्रश्नाला मी वेगळं उत्तर देईन. दुकानाचा होकार हवासा वाटणं यात लाज नाही. इतकी वर्षं नोकरीत माणूस निवडला जातो, डावलला जातो, पुन्हा निवडला जातो. निवृत्तीच्या उंबरठ्यावर कुणीतरी म्हणावं, 'हे तुमच्यासाठी ठेवलंय', असं वाटणारच. पण तो होकार त्या काउंटरमागच्या माणसाने द्यायचा का, हे तुम्ही बघायचं. त्याला तुमची छत्तीस वर्षं ठाऊक नाहीत. त्याच्यापुढे तुमची बिलं आहेत. होकार द्यायला जास्त योग्य माणूस तुमच्या घरात आहे, आणि तिने प्रश्नही नेमका विचारलाय.

आता सरळ सांगतो, काय करा.

या आठवड्यात दुकानात जा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. नेहमीच्या माणसाला नको, व्यवस्थापकाला भेटा. सांगा, की माझी निवृत्ती अमुक तारखेला आहे, मला स्टीलचं, पांढऱ्या डायलचं डेटोना हवंय, मी ते विकणार नाही. दुसरं काहीही घेणार नाही. त्या तारखेच्या दोन महिने आधीपर्यंत मिळण्याची खरीखुरी शक्यता आहे का? नसेल तर तसं सांगा, मला राग येणार नाही. हे पत्र म्हणून लिहून दिलंत तर आणखी बरं. तोंडी बोलणं माणूस बदलला की हवेत जातं, आणि अशा दुकानांतली माणसं बदलतात. यावर दोनच उत्तरं येऊ शकतात. एक स्पष्ट आणि एक गोलमाल. गोलमाल आलं तर ते 'नाही' समजा. तुमचा प्रसंग मोठा आहे, ठरलेल्या दिवसाचा आहे, आणि तुम्ही आधी दोन खरेद्या केलेल्या आहेत. चांगला व्यवस्थापक अशा माणसासाठी प्रयत्न करतो, हे मी पाहिलंय. म्हणून ही भेट टाळू नका. नवं घड्याळ छापील किमतीला मिळालं तर त्याहून उत्तम काय? २०१५पासून रोलेक्सची हमी पाच वर्षांची आहे, आणि ती पूर्ण तुमच्या वाट्याला येईल.

त्या दोन महिन्यांची रेघ मात्र पुसू नका. ती ओढल्यावर सेकंडहँडचा मार्ग खुला आहे, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. एके काळी हेच डेटोना दुकानांच्या काचेमागे पडून असायचं. १९६३मध्ये ते आलं तेव्हा त्याला रोज चावी द्यावी लागे, आणि स्वयंचलित घड्याळांची सवय झालेल्या लोकांना ते नको होतं. ज्या वेगळ्या डायलला आज 'पॉल न्यूमन' म्हणतात, ती तर त्या काळी आणखीच खपत नसे. त्या हॉलिवूड अभिनेत्याचं स्वतःचं डेटोना ऑक्टोबर २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. वस्तू तीच, लोकांची नजर बदलली. नजर पुन्हाही बदलते. २०२२च्या पूर्वार्धात अशा घड्याळांचे सेकंडहँड भाव शिगेला पोहोचले होते, त्यानंतर ते चांगलेच खाली आले. डेटोना अजून छापील किमतीच्या वर आहे, पण त्या शिखराच्या भावाला ज्यांनी 'गुंतवणूक' म्हणून घेतलं त्यांनी हात पोळून घेतलेत. म्हणून गुंतवणूक हा शब्द या व्यवहारातून काढून टाका. वरचे जे पैसे द्याल ते परत न येणारे आहेत असं धरून चाला. तसं धरूनही द्यावेसे वाटले, आणि निवृत्तीनंतरच्या खर्चाला धक्का लागत नसेल, तरच द्या. कर्ज काढून तर मुळीच नको.

सेकंडहँड घेताना घड्याळाआधी विकणारा बघा. दुकान किती वर्षांचं आहे, परत घेण्याची तयारी लेखी देतो का, पावती घड्याळाच्या क्रमांकासह देतो का. २०२२च्या डिसेंबरपासून रोलेक्सने स्वतःच जुन्या घड्याळांची प्रमाणित विक्री निवडक अधिकृत विक्रेत्यांमार्फत सुरू केली आहे. तिथे भाव चढा असतो, पण अस्सलपणाची खात्री आणि नवी दोन वर्षांची हमी मिळते. तुमच्यासारख्या पहिल्यांदाच सेकंडहँड घेणाऱ्याला मी तोच रस्ता आधी पाहायला सांगेन. बाहेर घेतलंत तर मूळ खोका आणि हमीपत्र हवंच. हमीपत्रावरचा क्रमांक आणि घड्याळावरचा क्रमांक अंक-अंक जुळवा. रोलेक्सच्या आताच्या घड्याळांत तो काचेच्या आत, डायलभोवतीच्या कड्यावर कोरलेला असतो, भिंगाने दिसतो. चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आहेत, तिथे तो क्रमांक तपासून घ्या. मग ज्याचा या व्यवहाराशी संबंध नाही अशा घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून यंत्र पाहून घ्या. हल्लीच्या नकला बाहेरून इतक्या हुबेहूब असतात, की नुसत्या डोळ्यांवर आणि वजनावर भिस्त ठेवणं धोक्याचं. पॉलिश जास्त झालेलं असेल तर पट्टा अडकतो तिथल्या कडा गोल, मऊ झालेल्या दिसतात. एखादा ओरखडा परवडला, अशा झिजवलेल्या कडा नकोत. आणि पैसे बँकेतून द्या. रोख मागणाऱ्याकडून उठून या.

'नाद सोडू का' असंही तुम्ही विचारलंय. डेटोनाचा नाद सोडायचाच झाला, तर क्रोनोग्राफचा सोडू नका. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती तुमच्या रांगेचीच आहे. १९६९मध्ये झेनिथ या स्विस कंपनीने 'एल प्रिमेरो' हे स्वयंचलित क्रोनोग्राफ यंत्र बनवलं. १९७५च्या सुमारास, क्वार्ट्झच्या लाटेत, झेनिथच्या तेव्हाच्या अमेरिकी मालकांनी फर्मान काढलं : यांत्रिक घड्याळं बंद, अवजारं भंगारात. स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल इथल्या कारखान्यातल्या शार्ल वेरमो या कारागिराने ते ऐकलं नाही. त्याने साचे, अवजारं, नकाशे एकेक करून माळ्यावर नेऊन दडवले, आणि कुठे काय आहे ते लिहून ठेवलं. दहाएक वर्षांनी यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली, तेव्हा त्याच अवजारांवर एल प्रिमेरो पुन्हा सुरू झालं. १९८८मध्ये रोलेक्सने पहिलं स्वयंचलित डेटोना आणलं, त्याच्या पोटात हेच यंत्र होतं. रोलेक्सने त्यात पुष्कळ बदल केले, त्याचा वेगही कमी केला, पण पाया तोच. यंत्र बाहेरून यायचं, त्यामुळे संख्या मर्यादित. काचेमागे पडून राहणाऱ्या डेटोनासाठी लोक थांबायला लागले ते तेव्हापासून. २००० साली रोलेक्सने स्वतःचं यंत्र बसवलं, तरी लोक थांबायचे काही थांबले नाहीत.

एल प्रिमेरोच्याच वंशातलं यंत्र असलेली झेनिथची क्रोनोग्राफ आज दुकानात जाऊन, हातात घेऊन, आवडली तर त्याच दिवशी घरी नेता येतात. ओमेगाचं स्पीडमास्टरही तसंच. नासाने १९६५मध्ये चाचण्यांती तेच निवडलं, त्या चाचण्यांत रोलेक्सचंही एक क्रोनोग्राफ होतं, आणि जुलै १९६९मध्ये चंद्रावर उतरलेल्या माणसाच्या हातात स्पीडमास्टर होतं. ही घड्याळं 'डेटोना मिळालं नाही म्हणून' घ्यायची नाहीत, हे मात्र आग्रहाने सांगतो. तसं घेतलंत तर कपाटात दुसरं घड्याळ पडेल. ती जाऊन हातात धरा, बटण दाबून पाहा, ते दाबल्यावर बोटाला जी 'टक्' लागते ती अनुभवा. मन गेलं तर घ्या. नाही गेलं, तर डेटोनाच तुमचं. मग सेकंडहँडचा भाव निमूट मोजा आणि त्याबद्दल पुन्हा हळहळू नका.

कपाटातलं घड्याळ विका. नक्की विका. ते तिथे आहे तोवर तुम्हाला त्या दुकानाची आठवण करून देत राहील. त्याचे जे येतील ते डेटोनाच्या खात्यात टाका. कानातल्यांचं काय करायचं ते पत्नीला ठरवू द्या. तिला विचारा, आणि ती 'मोड' म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नका.

शेवटी एक काम राहतं. पॉल न्यूमनला ते डेटोना त्याच्या पत्नीने, जोअॅन वुडवर्डने, दिलं होतं. तो मोटारींच्या शर्यतीत उतरायचा. तिने घड्याळाच्या पाठीवर तीनच इंग्रजी शब्द कोरून घेतले होते, 'ड्राइव्ह केअरफुली मी'. सांभाळून चालव, मी. स्टीलच्या डेटोनाची पाठ आजही बंद, धातूची असते. कोरलेल्या घड्याळाला बाजारात सहसा भाव कमी येतो, त्यामुळे नफ्यासाठी घेणारा ते कधीच कोरत नाही. व्यवस्थापकाला भेटाल तेव्हा सांगा, की मी यावर निवृत्तीची तारीख कोरून घेणार आहे. विकणार नाही हे शंभरदा सांगण्यापेक्षा त्याला ते लवकर पटेल. कोरायचं काम मात्र ज्याचा हात त्यात बसलाय त्याच्याकडूनच करून घ्या.

घड्याळ कुठूनही येवो आणि कोणतंही येवो, तारखेखाली काय लिहायचं ते मात्र आजच पत्नीला विचारून ठेवा. जागा थोडी असते, तीन-चार शब्द बसतात.